वास: नाही

२ मार्च, सोमवार

शेवटी आपल्याच घरात!

माझ्या खोलीबाहेरच्या बोळात चपलांची फळी आहे. तिच्यावर आज सकाळी काळे बारीक कण दिसले, चहाची पूड सांडावी तसे. सूनबाई म्हणाली, "बुटांची माती असेल, बाबा." मी ते कण ओल्या बोटावर घेतले आणि पांढऱ्या कागदावर घासले. तपकिरी डाग पडला. माती असा डाग सोडत नाही. एकतीस वर्षं खाद्यगृह निरीक्षक म्हणून शहरातली स्वयंपाकघरं पालथी घातली आहेत मी. झुरळाची विष्ठा मला कुणी शिकवायला नको.

वेळ तरी काय साधली आहे मेल्यांनी! सूनबाईच्या घरगुती बेकरीच्या परवान्यासाठी वीस तारखेला तपासणी आहे. दोन वर्षं ती ओळखीपाळखीत पाव देते आहे. आता शाळेच्या उपाहारगृहाने रोजचा पाव मागितला आहे, पण परवाना हातात असेल तरच, आणि तोही एक एप्रिलच्या आत. घरात झुरळांची वस्ती सापडली की परवाना अडतो. हा नियम मी स्वतः शेकडो वेळा वापरला आहे.

तपासणीला येणारी बाई माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिच्या हातून काही सुटायचं नाही.

म्हणून ही वही. घरात कुणाला दाखवायची नाही. प्रकरण समजून तपास करायचा.

३ मार्च, मंगळवार

सकाळी पद्धतीप्रमाणे वासाची तपासणी केली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहायचं, डोळे मिटायचे, तीन लांब श्वास घ्यायचे. झुरळांची वस्ती मोठी असली की तेलकट, कुबट वास येतो. तो आला तर फळ्या, डबे, कपाटं सगळं उचकटायचं. नाही आला तर ओटा आणि मोरी पाहून पुढच्या घरी. ही माझी पद्धत. बाकीचे निरीक्षक बॅटरी घेऊन कोपऱ्यांत वाकत बसायचे आणि मी तीन श्वासांत निकाल द्यायचो. हॉटेलवाले मागून 'नाकवाले साहेब' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

निकाल: स्वयंपाकघर, वास नाही. मोरी, नाही. बैठकीची खोली, नाही. माझी खोली, नाही. म्हणजे वस्ती अजून लहान आहे, किंवा बाहेरून येते आहे.

निवृत्त होताना खात्याने मानपत्र दिलं. चौकटीत आहे, माझ्या पलंगासमोर. 'यांच्या सेवेच्या अखेरच्या वर्षात एकाही स्वयंपाकघरात दुर्गंधी आढळली नाही.' असं वर्ष खात्याच्या इतिहासात दुसऱ्या कुणाचं नाही. लोकांना धाक बसायला तीस वर्षं लागली, पण बसला.

आणि आता माझ्या घरात ही थेरं.

५ मार्च, गुरुवार

बाजारातून चिकट सापळे आणले. पुठ्ठ्याचे, घडी घालून छोटी घरं होतात. सहा ठिकाणी लावले: ओट्याखाली, फ्रिजमागे, पिठाच्या कपाटात, मोरीत, बैठकीच्या खोलीत आणि बोळात. प्रत्येकावर आकडा घातला.

नात मागे मागे होती. नऊ वर्षांची आहे, पण एका जागी ठरेल तर शपथ. म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. "आजोबा, तुमच्या खोलीत नाही लावणार?"

"माझ्या खोलीत अन्नाचा कण नसतो. झुरळं काय हवा खायला येतील?"

"पण तुमच्या खोलीत वास येतो."

"कसला?"

"जुन्या तेलकट खोक्यासारखा."

मलमाचा असेल, म्हटलं. गुडघ्याला लावतो ते. पोरांना म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत कसला ना कसला वास येतच असतो.

माझ्या खोलीत आहेत त्या फक्त वह्या. खात्याच्या तळघरातलं जुनं दप्तर रद्दीत निघालं, तेव्हा मी माझ्या सगळ्या तपासणी-वह्या सात खोक्यांत भरून आणल्या. पलंगाखाली आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत लावल्या आहेत. खळ लावून बांधलेल्या, कापडी पाठीच्या वह्या. आता अशा कोण बांधतं? एकतीस वर्षांचं काम रद्दीवाल्याच्या तराजूत घालायला निघाले होते.

६ मार्च, शुक्रवार

पहिला हिशेब. ओट्याखाली एक. फ्रिजमागे काही नाही. पिठाचं कपाट, काही नाही. बैठक, काही नाही. मोरीत तीन. बोळात चौदा.

चौदा! लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा. एका मादीच्या मागे अंड्यांची डबी लटकत होती. एका डबीत तीस-चाळीस पिल्लं. जेवताना मी हे सांगितलं तर मुलाने घास खाली ठेवला. त्याला लहानपणापासून अशा गोष्टींचं वावडं.

निष्कर्ष असा की स्वयंपाकघरातून ती मोरीकडे जातात आणि वाटेत बोळात अडकतात. सूनबाईला म्हटलं, तुझ्या पिठाच्या पोत्यांतून आली असणार, दुकानदार बदल. ती म्हणाली, "पोती मी दारातच झटकून डब्यांत भरते, बाबा." मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात. ती पावाच्या लाद्या ओट्यावर उलट्या करून बोटाच्या पेराने ठोकून पाहत राहिली. ही तिची सवय मला मुळीच आवडत नाही. पाव म्हणजे काय दार आहे ठोठावायला? भाजल्याचं वासावरून कळतं माणसाला.

८ मार्च, रविवार

जेवणात राम उरलेला नाही. लिहू नये, पण ही वही खासगी आहे. सुनेचा हात पूर्वी फार चांगला होता. गेली दोनेक वर्षं सगळं एकाच चवीचं लागतं. मीठ कळतं, तिखट कळतं, बाकी नुसता चोथा. आज तिने दालचिनीचा पाव केला. मुलगा आणि भिंगरी ताटावर तुटून पडली. मला त्यात फक्त साखर लागली. "दालचिनी घालायची राहिली का गं?" असं सरळ विचारलं. मुलगा बायकोकडे पाहायला लागला. ती म्हणाली, "थोडी कमीच पडली असेल, बाबा." म्हणजे चूक तिलाही माहीत होती.

त्यात कौतुकाने पोटं भरून खाणारे हे दोघे. बिचारीला खरं कोण सांगणार?

९ मार्च, सोमवार

डोकं फिरलं आहे.

दुपारी सूनबाई बाहेर गेली होती. जाताना दूध तापत ठेवलं आहे, पाच मिनिटांत बंद करा, असं मला सांगून गेली. मी तिथेच खुर्चीवर बसून सापळ्यांचे आकडे वहीत उतरवत होतो. तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली ती जिन्यातूनच ओरडत. "आजोबा, काय जळतंय?" पाहतो तर पातेलं कोळसा. स्वयंपाकघरात धूर. मी कामात गढलो की मला जगाचं भान राहत नाही, ही कीर्ती जुनीच आहे.

पण सूनबाईने चेहरा असा केला की जणू मी घरच पेटवून दिलं. आणि आणखी एक प्रकार, ती कुठेही बाहेर निघाली की सिलेंडरचा कॉक बंद करून जाते. पूर्वीही करायची, मला वाटायचं सवय असेल. आज कळलं, मुद्दाम करते. मी चहा करायला गेलो तर शेगडी पेटेना. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या शेगड्या तपासल्या आणि घरात चहाचीही मुभा नाही.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या ना, बाबा." या घरात सगळं जाऊच द्यायचं असतं.

११ मार्च, बुधवार

बोळात बावीस. मोरीत पाच. बाकी सापळे जवळपास कोरे. आज भर दिवसा एक झुरळ बोळाच्या भिंतीवरून चाललेलं पाहिलं. उजेडात बाहेर पडतात याचा अर्थ आत जागा पुरत नाही. आत म्हणजे कुठे, हाच प्रश्न आहे.

मोरीचा पाइप! तो थेट खालच्या मजल्यावर जातो, तिथे शिंप्याचं दुकान आणि मागे बिऱ्हाड. कापडाच्या चिंध्या, खोकी, डबे. झुरळांना आणखी काय हवं?

गेलो खाली. सरळ बोललो. शिंपी कैची खाली ठेवून उठला आणि मला आतपर्यंत घेऊन गेला. चिंध्या पोत्यात बांधलेल्या, फरशी लख्ख, मोरीच्या तोंडाला जाळी. म्हणाला, "साहेब, ही जाळी मी चार महिन्यांपूर्वी बसवली. का, माहीत आहे? तुमच्याच पाइपातून खाली उतरत होती. वहिनींना मी सांगितलं होतं तेव्हा."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कोण सांगणार?" असं म्हणाला आणि पुन्हा मशीनवर बसला.

उर्मट माणूस. त्याच्या मोरीतही तीन श्वास घेतले मी. वास नाही. त्यामुळे काही बोलताही येईना. वर येऊन सूनबाईला विचारलं, शिंप्याने सांगितलेलं लपवलंस का? ती कणीक तिंबत होती. हात न थांबवता म्हणाली, "तेव्हाच तुम्हाला म्हटलं होतं, बाबा, तुमच्या खोलीतली खोकी एकदा..."

मी पुढे ऐकून घेतलं नाही. माझ्या वह्यांवर हिचा डोळा आहे. खोली रिकामी झाली की पिठाची पोती ठेवायला बरी.

१४ मार्च, शनिवार

बोरिक पावडर, पीठ आणि साखर मळून गोळ्या केल्या. स्वयंपाकघरभर ठेवल्या. एकही कुरतडलेली नाही. बोळात एकोणीस.

सहा दिवस राहिले. चिडचिड होते आहे आणि ती कुणावर काढावी कळत नाही. काल भिंगरीवर ओरडलो. ती सापळे मोजायला मदत करत होती आणि मध्येच म्हणाली, "आजोबा, बोळातला सापळा तुमच्या दाराला चिकटून आहे. स्वयंपाकघर तर केवढं लांब आहे." मी म्हटलं, जास्त शहाणपणा नको. ती रुसून गेली. आज सकाळपासून माझ्या खोलीकडे फिरकली नाही.

१७ मार्च, मंगळवार

वही उघडून बसल्याला तास झाला.

सकाळी चष्मा पलंगाखाली पडला म्हणून वाकलो. खोक्यांच्या फटीत एक चिकट सापळा होता. त्याच्यावर माझा आकडा नव्हता. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सात नंबर. आजोबांची खोली.'

पुठ्ठा दिसत नव्हता. झुरळांवर झुरळं चिकटली होती, मोठी, छोटी, तांदळाएवढी पिल्लं. मी खोकं ओढलं, वरची वही काढली. कापडी पाठ उसवलेली, आतली खळ साफ खाल्लेली, आणि पानांच्या मध्ये अंड्यांच्या रिकाम्या डब्या, सालींसारख्या टाकलेल्या काती. दुसरं खोकं तसंच. तिसरं तसंच. पुठ्ठा, खळ, न्हाणीघराच्या भिंतीची ओल. दुसऱ्या कुणाच्या घरी मी तीस पावलांवरून हे सांगितलं असतं. खात्याच्या तळघरातूनच मी ही वस्ती उचलून आणली. शहराची झुरळं शोधणाऱ्या खात्याचं तळघर!

भिंगरी दारात उभी होती, शाळेचा गणवेश घातलेली. "मी रविवारी ठेवला," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा असतो असं तुम्हीच म्हणता."

"हो गं."

"आणि वास तर कितीतरी दिवस येतोय. मी सांगितलं होतं."

मी तो सापळा नाकापाशी नेला. अगदी टेकेपर्यंत. काहीच नाही. गार हवा आत गेली आणि बाहेर आली.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. सूनबाई भाजी घ्यायला गेली होती. दालचिनीचा डबा उघडला, काही नाही. कॉफी, काही नाही. लसणाची पाकळी ठेचली, काही नाही. फिनेलची बाटली उघडली, काही नाही. व्हिनेगरने नाकात झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. भिंगरीला म्हटलं, मी डोळे मिटतो, तू काहीतरी धर. मी म्हणालो साबण. तिने कांदा धरला होता.

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

१८ मार्च, बुधवार

सूनबाईला सगळं माहीत होतं. दोन वर्षांपासून. मला तो मोठा ताप आला होता, आठ दिवस अंथरुणात होतो, तेव्हापासून. दूध, सिलेंडरचा कॉक, कमी पडलेली दालचिनी, सगळं त्यातलंच. दालचिनी कमी पडलीच नव्हती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"एकदा सांगितलं होतं, बाबा. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत."

आता आठवतं. मला वाटलं होतं, ही माझी थट्टा करते आहे.

मी तिच्या हाताला नावं ठेवली, पोत्यांना ठेवली, शिंप्याच्या घरात जाऊन तमाशा केला. माफ कर म्हणालो. जन्मात सुनेला असं म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "ते नंतर. परवाचं काय करायचं?"

खोकी आज बाहेर काढली तरी पलंगाच्या सांध्यांत आणि भिंतीच्या भेगांत असलेली सैरावैरा होतील आणि नेमकी स्वयंपाकघर गाठतील. औषधाचं जेल लावून तीन आठवडे थांबणं एवढाच मार्ग. आणि आपल्याकडे दोन दिवस आहेत.

मुलाचं म्हणणं, खोकी प्लास्टिकमध्ये बांधू, दाराखाली कापड कोंबू, अत्तर मारू, बाईंना सांगू की आजोबा आजारी आहेत. "ती स्वयंपाकघर बघायला येणार आहे, तुमची खोली नाही." खोली बंद करून आत आजारी माणूस झोपवायचा! ही युक्ती लोकांनी माझ्यावर निदान दहा वेळा केली होती. दहाही वेळा मी पकडली.

पण खरं लिहायचं तर ती युक्ती आज मला मनापासून आवडली. मी सूनबाईकडे पाहिलं. तिने नुसतं म्हटलं, "खोली तुमची आहे, बाबा. तुम्ही ठरवा."

मला तिचा राग आला. रागावली असती तर बरं झालं असतं. काय ठरवायचं ते माझ्या डोक्यावर टाकून गेली.

१९ मार्च, गुरुवार

खोकी बांधली. दाराखाली कापड कोंबलं. अजून काही ठरलेलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

बाई साडेदहाला आल्या. वाकून नमस्कार करायला लागल्या, मी अडवलं. सूनबाईचे हात कोपरापर्यंत धुतलेले, ओटा आरशासारखा, भांडी उलटी घातलेली. मुलगा कामावर गेला नव्हता. माझ्या खोलीचं दार बंद होतं.

बाई बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. डोळे मिटले. तीन श्वास. मीच शिकवलेलं. दुसऱ्या श्वासाला त्यांच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले आणि थेट माझ्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खाली.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, ओटा पाहिला, मोरी पाहिली, पिठाचे डबे उघडले. उत्तम आहे, म्हणाल्या. तक्ता भरायला लागल्या. मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो. ओटा: स्वच्छ. मोरी: स्वच्छ. साठवण: योग्य. वास: आणि तिथे पेन थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'नाही'.

माझ्यासाठी. माझ्याकडे न पाहता लिहिलं त्यांनी. मुलाने श्वास सोडलेला मला ऐकू आला. सूनबाई मात्र ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि तिने बोटांनी ओट्याची कड घट्ट धरली होती.

"बाई," मी म्हणालो, "ती ओळ खोडा."

"साहेब, राहू द्या."

"तुम्हाला वास आला. मला येत नाही, दोन वर्षांपासून येत नाही. माझ्या खोलीत सात खोकी आहेत, त्यात वस्ती आहे. स्वयंपाकघरात नाही. माझ्या सुनेचा यात काही दोष नाही. पण वास आहे."

मग मी दार उघडून दाखवलं.

परवाना अडला. तीन आठवड्यांनी फेरतपासणी. बाई गेल्यावर मुलगा माझ्याशी बोलला नाही. सूनबाईने शाळेत फोन केला. पाच मिनिटं नुसतं "हो, हो, समजलं" चाललं होतं. पाव आता दुसरी बेकरी देणार. तिने फोन ठेवला आणि लाद्यांसाठी चाळून ठेवलेलं पीठ पुन्हा डब्यात भरलं. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

२२ मार्च, रविवार

औषधवाला सकाळी आला. सांध्यासांध्यांत जेल लावलं. सात खोकी मुलाने गच्चीवर नेली. तो अजून मोजकंच बोलतो आहे, पण खोकी एकट्याने उचलली, मला हात लावू दिला नाही.

उन्हात एकेक वही झटकून पोत्यात टाकत होतो. जाळायच्याच आहेत. टाकता टाकता चाळत होतो. जुन्या वह्यांत वासाचा रकाना दोन्ही प्रकारचा. आहे, नाही, नाही, आहे, थोडा, आहे. कुठे बंद केलेली खानावळ, कुठे ताकीद. मग तापाच्या महिन्याची वही आली. आठ दिवस कोरे. आणि नवव्या दिवसापासून पुढे, पानामागून पान, माझ्याच वळणदार अक्षरात: वास नाही. वास नाही. वास नाही.

शेवटच्या पानापर्यंत एकदाही 'आहे' नाही.

वास नाही म्हणजे फळ्या उघडल्या नाहीत. कपाटं ओढली नाहीत. तीन श्वास घेतले, ओटा पाहिला आणि सही केली. त्या स्वयंपाकघरांतून रोज किती माणसं जेवत असतील? आणि त्याच वर्षाचं मानपत्र मी पलंगासमोर टांगून रोज सकाळी वाचलं.

मोजली. दोनशे अठरा.

गच्चीत कठड्याला टेकून बसून राहिलो. रडलो. इथे लिहायला काय लाज?

२४ मार्च, मंगळवार

वह्या जाळायच्या आधी यादी उतरवतो आहे. जागा, पत्ता, तपासणीची तारीख. नजर लवकर थकते. सूनबाई काल वर आली, म्हणाली, "सरका, मी वाचते, तुम्ही लिहा." तिने हातमोजे घातले होते. प्रत्येक पान आधी झटकते, मग वाचते. दोन दिवसांत एकशे चाळीस झाली.

मध्येच तिने विचारलं, "हे दिलंत तर खात्यात तुमचं नाव काय राहील, बाबा?"

"नाकवाले साहेब तर राहणार नाही," मी म्हणालो.

ती हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मग म्हणाली, "शाळेचं मला वाईट वाटतं. खोटं नाही सांगत. पण बाई लिहीत होत्या तेव्हा मला वाटत होतं, आता यांनी बोलावं. तुम्ही बोलला नसतात तर मी बोलले असते आणि मग आपण दोघं या घरात एकमेकांकडे कसं पाहिलं असतं?"

मी पुढची जागा विचारली. तिने वाचली.

१३ एप्रिल, सोमवार

फेरतपासणी झाली. गेले आठ दिवस साती सापळे कोरे आहेत. सात नंबरच्या सापळ्यावर भिंगरी स्वतःच्या हाताने रोजचं शून्य लिहीत होती.

बाई दारात उभ्या राहिल्या, पण या वेळी नुसतं तीन श्वासांवर भागवलं नाही. बॅटरी काढली. वाकून ओट्याखाली पाहिलं, फ्रिज ओढायला लावला, माझा पलंगसुद्धा उचलायला लावला. मी दुसरं टोक धरलं. तक्त्यावर सही झाली, परवाना मिळाला. शाळा गेली, पण शिंप्याच्या बायकोने रोजच्या चार लाद्या सांगितल्या आहेत. शिंप्याकडे मी गेल्याच आठवड्यात जाऊन आलो. बसा म्हणाला, चहा दिला, चव कळली नाही हे सांगून टाकलं.

निघताना बाईंच्या हातात यादी ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि मग लक्षात आल्यावर नुसतीच पानं उलटत गेल्या.

"साहेब, ही सगळी पुन्हा तपासायची?"

"फळ्या उघडून. नाकावर जाऊ नका."

"वर गेलं तर मानपत्र परत मागतील."

ते मी आधीच काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी ठेवलं होतं. तेही दिलं. त्यांनी घ्यावं की नाही असं केलं. मग घेतलं आणि जिना उतरून गेल्या. भिंतीवर चौकटीच्या जागी पांढरा चौकोन राहिला आहे. भिंगरीला तिथे काहीतरी चिकटवायचं आहे म्हणे.

आत सूनबाईने पहिल्या अधिकृत लाद्या भट्टीतून काढल्या होत्या. मुलगा आणि भिंगरी ओट्याला नाकं लावून उभी. मी दारातच थांबलो. तिथे माझं काही काम नव्हतं.

"बाबा, इकडे या," सूनबाई म्हणाली. तिने एक लादी फडक्यावर उलटी करून माझ्यासमोर धरली. "झाली का सांगा."

"मला कसं कळणार?"

"वाजवून बघा."

मी बोटाच्या पेराने ठोकलं. कच्चा पाव मुका असतो, तिने सांगितलं. मी कान जवळ नेऊन पुन्हा ठोकलं. आतून पोकळ, स्वच्छ आवाज आला.

"झाली," मी म्हणालो.